कोळीवाड्यातली मुलं, तैलरंगात: कामाच्या नोंदी

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात मुलांची वास्तववादी चित्रं करायचं काम गेल्या हंगामात हाती घेतलं. गावाचं आणि मुलांचं नाव देत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. आठवड्याची नोकरी सांभाळून हे काम केलं, त्यामुळे बहुतेक नोंदी रविवारच्या आहेत. असं काम करू पाहणाऱ्याला साहित्य, खर्च, भरती-ओहोटी आणि माणसं यांचा अंदाज यावा म्हणून इथे मांडते.

१० नोव्हेंबर २०२४

आज फक्त परवानगी. वही पिशवीतून काढलीसुद्धा नाही. आधी जमातीच्या पाटलांकडे गेले, मग मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, आणि शेवटी घरोघरी. पाटलांचा पहिला प्रश्न, "चित्रं विकणार का?" विकणार, असं स्पष्ट सांगितलं. दुसरा प्रश्न, "पोरांना काय मिळणार?"

ठरलं ते असं: एका बैठकीचे पाचशे रुपये, मुलाच्या हातात नाही, घरच्या बाईच्या हातात. चित्र विकलं गेलं तर दहावा हिस्सा त्या घराला. प्रत्येक घरासाठी हे मराठीत एका कागदावर लिहून आई-वडिलांची सही घेतली आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवली. मुलालाही वेगळं विचारलं. एका मुलीने सरळ "नको" म्हटलं, तिची आई तिला आग्रह करत होती तरी मी ते नाव यादीतून काढलं. हा दिवस वाचवू नका. पुढे जे काही अडलं ते या कागदांमुळेच सुटलं.

१७ नोव्हेंबर

साहित्याची जुळवाजुळव. जागेवर तैलरंग वापरायचा बेत पहिल्याच पायरीवर सोडावा लागला. विरारहून डहाणू लोकलने जायचं आणि रेल्वेत टर्पेंटाइनसारखी (तैलरंग पातळ करायचं द्रव) ज्वालाग्राही वस्तू नेता येत नाही. शिवाय वाळवणाच्या जागी वारा सतत वाहता असतो, ओल्या तैलरंगावर वाळू बसली की ती निघत नाही. म्हणून किनाऱ्यावर पेन्सिल, जलरंग आणि गुआश (अपारदर्शक जलरंग), आणि कॅनव्हासचं काम घरी.

आत्तापर्यंतचा खर्च: तयार ताणलेले तीन कॅनव्हास (दोन ३० × ४० इंची, एक १८ × २४) साधारण सात हजार, रंग चार हजार, ब्रश आणि जवसाचं तेल मिळून दीड हजार. जलरंगाची वही आणि गुआश घरात होतंच. ट्यूबमध्ये पांढरा सगळ्यात आधी संपतो, तो मोठा घ्या.

१ डिसेंबर

अमावस्या, म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरला. इथल्या म्हाताऱ्या नाखव्याने हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या मागेपुढे. आमच्या किनाऱ्यावर त्यात थोडा फरक पडतो, पण दिवस ठरवायला एवढं पुरतं. मला हवी होती संध्याकाळची तिरपी उन्हं आणि त्याच वेळी ओहोटी, म्हणजे ओली वाळू उघडी पडते आणि आकाश तिच्यात उतरतं. हे दोन्ही जुळतं फक्त उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासच्या दिवसांत. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवशी गेलात तर संध्याकाळी पाणी थेट होड्यांना लागलेलं असतं आणि मुलं वर घरांत.

साडेचारपासून अंधार पडेपर्यंत पेन्सिलने आराखडे केले आणि मोबाइलवर भरपूर फोटो काढले. मुलं बोंबील टांगत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या चौकटीवर ताणलेल्या दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. नऊ वर्षांची मुलगी हे दोरीकडे न बघता करते. ओला बोंबील जवळजवळ पारदर्शक असतो, पाठीवर राखाडी, पोटाकडे गुलाबी, आणि उन्हात धरला की कणा दिसतो.

२२ डिसेंबर

पहिला मोठा कॅनव्हास अर्धाअधिक झाला होता. त्याचा फोटो घेऊन गेले. चित्रात आठ वर्षांचा मुलगा, हातात मासळीची रिकामी पाटी (टोपली), मागे होडी. मला ते चांगलं उतरलंय असं वाटत होतं. मुलाच्या आजीने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाय, ह्याला मी उपाशी ठेवते का?"

मी म्हटलं, तसं काही दाखवलेलं नाही. "मग हा असा काय बघतो? काही मागतो का?"

तिचं बरोबर होतं. डोळे मोठे, गाल खोल, मान बारीक आणि नजर वर. चित्र पाहणाऱ्याला कळवळा यावा अशी सगळी सोय झालेली. पण मी तर फोटोवरून आणि आराखड्यावरून मापं घेतली होती, मनाने काही वाढवलं नव्हतं. मग हे आलं कुठून?

२६ डिसेंबर

सुट्टीचा दिवस घरी फोटो तपासण्यात घालवला. कारण सापडलं. मी उभी राहून, मुलापासून हातभर अंतरावरून फोटो काढले होते. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. जवळून आणि वरून फोटो घेतला की जवळचं डोकं मोठं होतं, लांबचे पाय लहान होतात, आणि मूल वर बघतं म्हणून डोळ्यांचं पांढरं बुबुळाखाली जास्त दिसतं. भिकेला हात पसरलेल्या मुलाची जी ठरावीक छबी आपण पाहत आलोय, तिची निम्मी बांधणी या कोनातच आहे. आराखडेही मी उभ्यानेच केले होते, म्हणून तेही त्याच अंगाने गेले.

संध्याकाळी जुन्या चित्रकारांची चित्रं काढून बसले, या एका प्रश्नासाठी. हॉलंडचा योझेफ इस्राएल्स १८५५ मध्ये झांडफोर्टच्या मच्छीमारांत जाऊन राहिला आणि त्यानंतर त्याचं चित्रच बदललं. त्याचं १८७२ चं 'समुद्राची मुलं' ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. गरीब मच्छीमाराची मुलं उथळ पाण्यात उभी आहेत आणि जुन्या लाकडी बुटाला शीड लावून केलेली होडी खेळवतायत. कपडे फाटकेच आहेत, थोरल्याच्या पाठीवर धाकटं आहे. पण त्यांचं सगळं लक्ष त्या होडीत आहे. आपल्याकडे कोणी बघत नाही, म्हणून मागतही नाही.

स्पेनचा सोरोया तर एकाच वालेन्सियाच्या किनाऱ्यावर दोन्ही टोकांना गेलेला दिसतो. १८९९ च्या 'दुःखद वारसा'मध्ये कुबड्या घेतलेली अपंग मुलं समुद्रस्नानाला आलीत, सोबत काळ्या झग्यातला साधू. या चित्राला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढे त्याच सोरोयाने ओल्या वाळूत पालथी पडलेली उघडी मुलं रंगवली. ते चित्र माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे. तिथे तर तो वरूनच बघतोय, क्षितिजसुद्धा नाही, तरी दया येत नाही. मुलं आपल्या सुखात लोळतायत, त्यांना वर बघायची गरजच नाही. म्हणजे नुसता कोन दोषी नाही. वरचा कोन आणि आपल्याकडे वळलेली नजर, हे दोन्ही एकत्र आलं की घात होतो.

पाटीवाल्या मुलाचा कॅनव्हास बाजूला ठेवला. तीन आठवड्यांच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. खरवडून पुन्हा वापरता येईल का ते पाहिलं, पण चेहऱ्यावर रंग जाड बसला होता. त्या उंचवट्यांवर नवं चित्र नीट बसत नाही.

१२ जानेवारी २०२५

चतुर्दशी, म्हणून पुन्हा संध्याकाळची ओहोटी. मासळीचा एक प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावर बसले. चित्र शिकलेल्याला नियम माहीत असतो की क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. उभी असताना ती रेषा मुलांच्या डोक्यांवरून जात होती, सगळी मुलं वाळूत आणि पाण्यात बुडालेली. क्रेटवर बसल्यावर आठ वर्षांच्या मुलाचं डोकं रेषेच्या वर आलं, आकाशावर. एवढ्या एका बदलाने तोच मुलगा, तीच पाटी, आणि तो आता त्या किनाऱ्याचा माणूस दिसायला लागला.

फोटो घ्यायचे तर चार-पाच पावलं मागे सरकून, मोबाइलची लांब पल्ल्याची लेन्स लावून. चेहरे गुळगुळीत आणि उजळ करणारी सोय बंद करा. ती चालू होती तेव्हा माझ्या फोटोतली सगळी मुलं दोन छटा गोरी झाली होती.

आणखी एक गोष्ट आजपासून पाळतेय: "इकडे बघ" म्हणायचं नाही. मूल काम करत असेल तर काम, खेळत असेल तर खेळ. बघितलंच त्याने, तर त्याच्या मनाने.

२६ जानेवारी

त्वचेच्या रंगावर अडकले आहे. घरी सवयीने यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि सावलीला काळा घेतला. काळा आणि पिवळा एकत्र आले की हिरवट झाक येते. कातडी आजारी दिसली. हाही परत त्याच दयेच्या वाटेने जाणारा प्रकार.

किनाऱ्यावर गुआशने केलेल्या पट्ट्या काढल्या. त्यांत सावली हिरवट कुठेच नव्हती. उन्हाकडे पाठ असलेल्या मुलाच्या खांद्याची कड जवळजवळ नारिंगी, गालाची सावली गर्द जांभळट-तांबूस, आणि हनुवटीच्या खाली, जिथे घरातल्या उजेडात सगळ्यात काळोख असतो, तिथे उजेड. ओली वाळू आकाश परत वर फेकते, तो हनुवटीच्या आणि नाकपुडीच्या खालच्या बाजूला लागतो. निळसर, थंड उजेड. हे फोटोत आलंच नव्हतं.

आता काळा रंग पॅलेटवरून काढून टाकला. गडद छटेसाठी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), त्यात ॲलिझरिन क्रिमझनचा (गडद लाल) पातळ हात. पोटऱ्यांवर सुकलेल्या मिठाची पांढुरकी साय येते, ती अगदी शेवटी, कोरड्या ब्रशने, पांढऱ्यात थोडा सिएना घालून. शुद्ध पांढरा लावला तर चुना फासल्यासारखा दिसतो.

९ फेब्रुवारी

आज जे मिळालं ते शोधायला गेले नव्हते. दुपारी तीनच्या ओहोटीला तीन मुलं डबक्यात होडी सोडत होती. मासळीच्या बर्फाच्या पेटीचा थर्माकोलचा तुकडा, मध्ये झाडूची काडी, शिडाला दुधाच्या पिशवीचा तुकडा. सुकाणूला तुटक्या चपलेचा रबर. मी बघत राहिले. दीडशे वर्षांपूर्वी हॉलंडच्या मुलांनी बापाचा टाकलेला लाकडी बूट घेतला होता, इथे बर्फाची पेटी. बंदराला जे टाकाऊ होतं त्याचंच खेळणं होतं.

थोरला मुलगा धाकट्याला वाऱ्याचं समजावत होता, काडी तिरकी का लावायची ते. त्याचा बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे, घरची बोट नाही. हे चित्रात लिहून दाखवायची गरज नाही. मोठा कॅनव्हास हाच. तीन डोकी डबक्यावर वाकलेली, मागे खऱ्या होड्या चिखलात कलंडलेल्या.

वाकलेल्या मुलांचे चेहरे फार दिसत नाहीत, म्हणून पाठी नीट हव्यात. दोन्ही खवाट्यांमधली घळ, कण्याचे मणी, मानेवरची केसांची टोकं. या एका बैठकीत फक्त पाठी काढल्या.

२ मार्च

एका ओसरीवर करंदी (लहान कोळंबी) सोलायचं काम चालू होतं. दहा वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती. तिची बोटं जवळून पाहिली. बर्फाच्या पाण्याने टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, अंगठ्याच्या पेरावर बारीक चिरा, नखाच्या कडेला साल सुटलेली. डाव्या हाताने डोकं मोडायचं, उजव्या अंगठ्याने पाठीवरचं टरफल उघडायचं, दोन हालचालींत करंदी पातेल्यात.

चित्र करू का विचारलं, तर आई थांबली. "आज रविवार म्हणून बसलीय. चित्रात रविवार दिसतो का? लोक म्हणतील, शाळा सोडून पोरीला कामाला लावलंय." हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता आणि तो खरा आहे. मुलगी रोज शाळेत जाते. तिच्या शाळेचा युनिफॉर्म समोरच दोरीवर वाळत होता.

तोडगा आईनेच काढला. चेहरा नको, फक्त हात. आणि युनिफॉर्म मागे दिसू दे. लहान कॅनव्हासवर तेच केलं: पातेलं, चार हात, दोन मोठे, दोन लहान, वरच्या कोपऱ्यात निळ्या फ्रॉकची ओली कड. या सगळ्या कामातलं मला सगळ्यात पटलेलं चित्र हे आहे.

१४ मार्च

शिमगा. काम नाही. गेले होते, जेवून आले.

६ एप्रिल

दोन अडचणी.

पहिली: थर्माकोलच्या होडीच्या चित्रात मधल्या मुलाच्या अंगात निवडणुकीच्या प्रचारातला टी-शर्ट आहे. किनाऱ्यावर असे टी-शर्ट सर्रास दिसतात. फुकट मिळतात आणि मजबूत असतात. पहिल्यांदा हात शिवशिवला की त्याजागी साधा मळका सदरा घालावा, चित्र 'कालातीत' होईल. पण मग ते कुठलंही गाव, कुठलाही काळ होतं, आणि गरिबीसुद्धा कुठलीतरी गोडगोड गरिबी होते. टी-शर्ट ठेवला. चिन्ह आणि अक्षरं धुऊन धुऊन फिकी झालेली होती तशीच फिकी ठेवली, वाचता येत नाहीत इतकी.

दुसरी: पाण्याच्या गडद भागात रंग बसला, म्हणजे तेल खाली शोषलं जाऊन चकाकी गेली आणि तुकडे मेल्यासारखे मंद दिसायला लागले. स्वस्त कॅनव्हासचं अस्तर फार शोषतं. त्या भागावर नवीन रंग लावून बघू नका, छटा चुकत जाते. वरून सुकल्यावर जवसाच्या तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळून बोटाने अगदी पातळ चोळलं, उरलेलं कापडाने टिपून घेतलं, छटा परत दिसली. पुढच्या कॅनव्हासला विकतच्या अस्तरावर ॲक्रिलिक जेसोचे आणखी दोन हात देणार. आणि नियम तोच: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट झालं की पुढे तडे जातात.

८ मे

परवा आणि काल वळवाचा पाऊस झाला. मे महिन्यात पाऊस वाईटच, कारण याच दिवसांत पावसाळ्यासाठीचं सुकं तयार होतं. मी बुधवारी रजा टाकून शेवटच्या बैठकीसाठी गेले होते. ढग आले तसा सगळा वाडा खळ्यावर धावला. जवळा जमिनीवर पसरलेला, तो झाडूने ओढून ताडपत्रीखाली घ्यायचा, बोंबील दोऱ्यांवरून खेचून पाट्यांत. मुलं मोठ्यांइतकीच पळत होती. मी वही क्रेटखाली सारली आणि ताडपत्रीचं एक टोक धरलं.

सगळं वाचलं नाही. भिजलेला जवळा काळा पडतो, वास बदलतो, मग तो खतात किंवा कोंबडीच्या खाद्यात जातो, कवडीमोल भावाने. एका घरात रात्री त्याचाच हिशेब चालला होता. मी ते ऐकत बसले नाही, निघाले.

त्या संध्याकाळचं चित्र करायचं की नाही यावर अजून ठरत नाही. डोळ्यांसमोर आहे, आराखडा एकही नाही. पाठीत वाकून ताडपत्री ओढणारा तोच आठ वर्षांचा मुलगा, ज्याला मी रिकामी पाटी देऊन उभं केलं होतं.

२८ मे

मान्सून परवाच मुंबईत आला, एवढा लवकर. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, म्हणून बाहेरचं काम असंही थांबणारच होतं. आता प्रश्न घरातल्या दमटपणाचा. मागच्या पावसाळ्यात एका जुन्या कॅनव्हासच्या पाठीला बुरशी आली होती. या वेळी भिंतीपासून वीतभर पुढे, खाली लाकडी ठोकळे ठेवून उभे केलेत, रोज थोडा वेळ पंखा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आतच कोंडते.

पाटीवाल्या मुलाचं जुनं चित्र मोडलं. चौकट ठेवली, नवीन कापड ताणलं. कापड आणि खिळे मिळून सातशे रुपये.

१० ऑगस्ट

नारळीपौर्णिमा झाली, होड्या पाण्यात आहेत. चित्रं प्रथम गावात दाखवायची असं पाटलांना कबूल केलं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये दोन टेबलांवर भिंतीला टेकवून लावली. टेम्पोचे जाऊन-येऊन दोन हजार गेले. रंग वरून सुकल्यासारखा दिसला तरी आत ओला असतो, म्हणून दोन कॅनव्हासच्या मध्ये कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून नेले.

होडीच्या चित्रापुढे पुरुष मंडळी मुलांबद्दल नाही, मागच्या होड्यांबद्दल बोलत होती. एकाने दाखवलं की कलंडलेल्या होडीचा आधाराचा दांडा मी चुकीच्या बाजूला काढलाय, अशी होडी चिखलात उलटेल. बरोबर आहे. तो दुरुस्त करायचाय. करंदीच्या चित्रापुढे त्या मुलीने आपली बोटं धरून पाहिली आणि आईला म्हणाली, "माझा अंगठा असाच आहे." आजीने होडीचं चित्र जवळून पाहिलं, नातवाची पाठ ओळखली. "आता ठीक," एवढं म्हणाली.

एकूण खर्च प्रवास आणि बैठकींचे पैसे धरून सव्वीस हजारांच्या आसपास. त्यातले निम्म्याहून कमी घरांना गेले, आणि मला वाटतं ते प्रमाण आणखी वाढायला हवं. पुढच्या वेळी बैठकीचे सातशे करणार.

राहिलेली कामं: होडीचा दांडा, डबक्याच्या डाव्या कडेचं प्रतिबिंब, आणि दोन्ही चित्रांना वार्निश. तैलरंग पूर्ण सुकायला किमान सहा महिने, आमच्याकडच्या दमट हवेत त्याहून जास्त, म्हणून वार्निश फेब्रुवारीआधी नाही. बोंबील टांगणाऱ्या मुलीचा कॅनव्हास ऑक्टोबरात वाळवण सुरू झालं की घेणार. तिच्या आईशी बोलणं झालंय, तिच्याशीही.